नळ न जाणाऱ्या गावाहून मामांना

तीर्थस्वरूप मामांना,

वाकून नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण या खोलीत तेवढी लांबी नाही. पाय दाराबाहेर राहतात, आणि इथली दारं आपोआप मिटतात.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? आणि इस्त्रीवाला तुमच्याशी बोलतोय, की पुन्हा अबोला? मी इकडे ठणठणीत आहे. दोन वेळा जेवतो, केस कापलेत, आणि तिसरी नोकरी अजून शाबूत आहे. (पहिल्या दोन गेल्या त्यात माझी चूक नव्हती. म्हणजे दुसरीत थोडी होती. ते येईल पुढे.) सध्या एका मोठ्या लाँड्रीत हॉटेलांच्या चादरींच्या घड्या घालतो. चादर यंत्र धुतं, यंत्रच वाळवतं, यंत्रच इस्त्री करतं. फक्त चौथ्या घडीला यंत्राची बुद्धी संपते आणि तिथून माझी सुरू होते. हे इस्त्रीवाल्याला सांगू नका, उगाच धसका घेईल.

तुमचं पत्र पोचलं. तो देश आपल्यापेक्षा नक्की किती पुढे आहे ते एकदाचं मुद्देसूद लिहून कळव, म्हणजे इस्त्रीवाल्याचं तोंड बंद होईल, असं तुम्ही लिहिलंय. तो म्हणतो शंभर वर्षं पुढे, तुम्ही म्हणता फार तर तीस. मुद्देसूद लिहायचं म्हणून मी नवी वही आणली, समास आखला. पण मामा, आधी एक सांगून टाकतो. माझं लग्न ठरायच्या बेतात आहे. मुलगी इथलीच. शहराची बस चालवते, बारा मीटर लांबीची, आणि अशी वळवते की उभ्या माणसाच्या पेल्यातला चहा हलत नाही. ती तयार आहे. मी तर तिच्या बसचं पहिलं तिकीट काढतानाच तयार झालो होतो. अडलंय ते तिच्या वडिलांपाशी. ते नाही म्हणत नाहीत हो, भला माणूस आहे. पण त्यांच्यामुळे अडलंय, आणि ते सुटलं तर तुमच्यामुळेच सुटेल. आता सावकाश वाचा.

मुद्दा पहिला, रस्ते आणि जिने. इथले फुटपाथ इतके सपाट आहेत की माणूस पुस्तक वाचत चालू शकतो. (मी वाचत नाही, पण वाचणारे पाहिलेत.) बस सात सतराला म्हणजे सात सतराला. पुढचा थांबा बस स्वतःच ओरडून सांगते, त्यामुळे कुणालाच कुणाला काही विचारावं लागत नाही, आणि त्यामुळे कुणाची कुणाशी ओळख होत नाही. मला ओळख करून घ्यायची होती, म्हणून मी बसवालीला थांबा विचारला. तिने छताकडे बोट दाखवलं. छत बोलत होतं. असं मी अकरा दिवस विचारलं. बाराव्या दिवशी तिने मी काही बोलायच्या आत विचारलं, "कान दुखतात का तुझे?" जिन्यातला दिवा माणूस बघून लागतो आणि माणूस हलायचा थांबला की विझतो. तुम्हाला ठाऊकच आहे, मला अर्ध्या जिन्यात विचार सुचतात. आपल्या जिन्यात दिवाच नाही, त्यामुळे विचारात खंड पडत नाही. इथे विचार करताना हात हलवत राहावं लागतं. घरमालकीणबाईंनी एकदा मला तसं पाहिलं, आणि तेव्हापासून मी दिसलो की त्याही लांबून हात हलवतात. मग एकदा रस्ता झाडणारं यंत्र दिसलं. खालून झाडतं, मागून पाणी मारतं, वर एक माणूस राजासारखा बसलेला. ते पुढे कुठे जातं बघावं म्हणून मागे गेलो, तर दोन तास गेलो. (दुसरी नोकरी गेली ती अशी.) या मुद्द्यापुढे मी वहीत 'साठ वर्षं पुढे' लिहिलंय. म्हणजे तुम्हाला आणि इस्त्रीवाल्याला दोघांनाही थोडं थोडं दुखेल.

मुद्दा दुसरा, पाणी. इथेच सगळा घोटाळा झाला.

मामा, इथे नळ जात नाही. सकाळी आहे, दुपारी आहे, आपण चार दिवस परगावी जाऊन आलो तरी पाणी आपलं तिथेच उभं. घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं, पण असली आश्वासनं आपण जन्मभर ऐकलेली. मी मान डोलावली आणि सकाळी सव्वापाचला उठून पाणी भरलं. टब भरला, दोन बादल्या भरल्या, चारी पातेली, तेरा बाटल्या, एक फुलदाणी, आणि एक गुडघ्यापर्यंतचा रबरी बूट. (नवा होता. एकच भरला.) दुसऱ्या दिवशी सव्वापाचला पुन्हा आपोआप जाग. कालचं पाणी शिळं झालेलं. ते ओतून दिलं आणि ताजं भरलं. असे सात महिने. यात माझा दोष नाही, मामींनी लावलेलं वळण आहे.

इथे प्रत्येक घरातल्या पाण्याचा आकडा तारेवरून थेट ऑफिसात जातो. तिथे कुणाच्या तरी लक्षात आलं की या खोलीत माणूस एक आणि पाणी सात जणांचं. म्हणजे नक्की गळती. मग गळती शोधायला एक साहेब आले. उंच, खांद्यात वाकलेले, हातात एक लांब लाकडी काठी. काठीचं एक टोक पाइपावर टेकवायचं, दुसऱ्याला कान लावायचा, आणि आत पाणी कुठे निसटतंय ते ऐकायचं. डॉक्टर छाती तपासतो तसा त्यांनी तासभर माझ्या भिंती तपासल्या. शेवटी काठी खाली ठेवून म्हणाले, "इथे काहीसुद्धा गळत नाही. मग पाणी जातं कुठे?"

मी न्हाणीघराचं दार उघडलं. ते टबाकडे बघत राहिले, मग बाटल्यांकडे, मग बुटाकडे.

"आग लागणार आहे का कुठे?"

"नाही हो. पाणी जाईल म्हणून भरून ठेवलंय."

"कुठे जाईल?"

"जाईल म्हणजे येणार नाही."

"का नाही येणार?" ते चक्क दुखावले. "मी आहे ना!"

मामा, हे 'मी आहे ना' त्यांनी अगदी तुमच्या आवाजात म्हटलं. मग मला राहवलं नाही. मी त्यांना पलंगावर बसवून तुमची सगळी हकीकत सांगितली. आमच्याकडे पाणी पाऊण तास येतं, आणि ते आपोआप येत नाही, माझे मामा सोडतात. खांद्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी चावी घेऊन ते गल्लीच्या तोंडाशी येतात, झाकण उचलतात, चावी खाली घालतात, साडेनऊ फेरे देतात, आणि अख्खी गल्ली एका सुरात ओरडते, "पाणी आलं!" ते म्हणाले, "लोक ओळखतात त्यांना?" म्हटलं, ओळखतात? मामा शिंकले तर चार घरांतून काढा येतो. लग्नाची पहिली पत्रिका मामांना, कारण मांडवाला पाणी लागतं. "आणि पाणी उशिरा आलं तर?" म्हटलं, मग त्यांच्या आजोबांपासून सगळ्यांची नावं निघतात. त्यांनी काठी उचलून मांडीवर घेतली. नंतर म्हणाले, "चौतीस वर्षं अर्ध्या शहराचं पाणी मी बघतो. एकदासुद्धा बंद पडू दिलं नाही. या चौतीस वर्षांत रस्त्यावर माझ्याशी एकच माणूस बोलला. त्याच्या कुत्र्याला जायचं होतं, जरा बाजूला व्हा म्हणाला."

बघा म्हणजे. आता या मुद्द्यापुढे वहीत काय लिहू?

त्यांना बरं वाटावं म्हणून मी माझी फजिती सांगितली. तुमचा गुडघा सुजला तेव्हा तुम्ही चावी माझ्याकडे दिली होतीत, आणि मी वरच्या गल्लीचं पाणी सोडलं आणि ते वेळेत बंद करायचं विसरून समोर दोघे जण दुकानाची पाटी लावत होते ते बघत बसलो होतो. (त्यांनी पाटी तीनदा उलटी लावली, कुणीही बघत बसलं असतं.) वरच्या गल्लीने त्या दिवशी दोनदा आंघोळी केल्या, जिने धुतले, एकाने कोंबड्याही धुतल्या, आणि खालची गल्ली रिकामे हंडे घेऊन आपल्या दारात. तेव्हापासून तुम्ही चावी पलंगाखाली ठेवता ते बरोबरच आहे. ही हकीकत त्यांना इतकी आवडली की ते मला घरी घेऊन गेले आणि मुलीसमोर पुन्हा सांगायला लावली. मुलगी खोलीत आली तर बसवाली! मला बघून म्हणाली, "बाबा, याला छतसुद्धा ऐकू येत नाही."

पुढचं तुम्हाला समजलंच असेल, ते लिहायला मला लाज वाटते. (मामींना लिहीन.) पण महिन्यापूर्वी गळतीसाहेब निवृत्त झाले. ऑफिसने एक कुंडी दिली. कुंडी देणाऱ्याने हळूच विचारलं, तुम्ही कुठल्या विभागात होता? तेव्हापासून ते स्वयंपाकघरात नळ बारीक सोडून त्याच्यासमोर बसतात. जेवतात कमी, बोलतात त्याहून कमी. बसवाली म्हणते, "बाबा असे बसलेले असताना मी नटून मिरवू? आधी त्यांचं काहीतरी होऊ दे, मग आपलं." नाक मुठीत धरून बसलोय.

तुमचा विषय निघाला की मात्र ते उठून बसतात. चावी किती जाड? फेरे डावीकडे की उजवीकडे? पहिल्या फेऱ्याला पाणी कसं वाजतं? परवा त्यांनी बागेत एक दांडा रोवला, त्यावर आडवी काठी बांधली आणि साडेनऊ फेरे मारून पाहिले. शेजाऱ्याने कुंपणावरून विचारलं, काय चाललंय? एकवीस वर्षांत शेजारी पहिल्यांदा बोलला. साहेबांनी त्याला तुमची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी शेजारीही फेरे मारायला आला.

तिसरा मुद्दा दवाखान्यांचा होता, पण पान संपलं. मामींना नमस्कार, इस्त्रीवाल्याला साठ वर्षांचा निरोप. गुडघ्याला जपा.

तुमचा आज्ञाधारक (हा शब्द तुम्हाला लिहिताना हात अडखळतो),
भाचा भोवरा

ता. क. आता खरं काम. मामा, एक सकाळ, फक्त एकच सकाळ, चावी गळतीसाहेबांच्या हातात द्या. सख्ख्या भाच्याला जी मिळत नाही ती परक्याला मागतोय हे मला कळतं. पण ते पाटीबिटी बघत बसणारे नाहीत. तुम्ही शेजारी उभे राहा, हवं तर त्यांचा सदरा मागून धरून ठेवा.

ता. क. आणखी एक. त्या दिवशी त्यांना पाणी दहा मिनिटं उशिरा सोडायला लावा. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू खिडकीत येतीलच. पाहुणा म्हणून काकूंनी भीड धरू नये. नेहमीचं सगळं होऊ दे, खानदानासकट. भाषा कळणार नाही, पण सूर कळेल. चौतीस वर्षांचा अनुशेष आहे, माझं लग्न त्या दहा मिनिटांवर आहे.

ता. क. तिसरा. काठी घरी ठेवा असं मी त्यांना शंभरदा सांगितलं, पण त्यांनी कपड्यांच्या आधी तीच बांधली. त्यांचं म्हणणं, तुमचं निम्मं पाणी जमिनीत जात असणार, आठ दिवस कान लावू दिला तर जागा सापडेल आणि गल्लीत दिवसभर पाणी राहील. मी घाबरलो. दिवसभर पाणी आलं की तुम्हालाही एक दिवस कुंडी मिळेल! बसवाली म्हणाली, "ते तुझ्या मामांचं पाणी आहे, मामांना ठरवू दे." तेव्हा ठरवा. काढा आणणाऱ्या चार घरांनाही विचारा.

ता. क. शेवटचा. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. ज्या उंच, वाकलेल्या माणसाने ते तुमच्या हातात दिलं आणि जो आता खुर्चीच्या कडेवर बसून तुमच्या चेहऱ्याकडे बघतोय, तेच गळतीसाहेब. तुमचा होकार येईपर्यंत त्यांना दम निघाला नाही. त्यांना पत्र वाचता येत नाही, पण चेहरा येतो, म्हणून कपाळावरची आठी आधी काढा. मग मान वर करून फक्त 'हो' म्हणा. आपल्या भाषेतला तेवढा एकच शब्द मी त्यांना शिकवलाय.