वकीलसाहेबांची वाचा

४ मार्च
यांना हॉस्पिटलातून घरी आणलं. उजवा हात लुळा, तोंड जरासं वाकडं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत भाषेच्या जागेलाच मार बसलाय — समजतं बरंचसं, शब्द सापडत नाहीत. ज्या माणसाने उभा जन्म कोर्टात आणि घरात दुसऱ्याला बोलू दिलं नाही, त्याला आता 'पाणी' म्हणता येत नाही. पाण्याला 'चप्पल' म्हणाले. मला हसू आलं. मग मी बराच वेळ बाथरूममध्ये दार लावून बसले.

५ मार्च
शिवी मात्र अस्सल येते. तेवढी शाबूत राहिली.

९ मार्च
नणंद आली. म्हणे, "वहिनी, तू आहेस म्हणून दादा आहे. दुसरी असती तर पळाली असती." मी चहा गाळत राहिले. हिला काय सांगू? हे कोसळले त्याच सकाळी मी म्हटलं होतं — पुरे झालं, मी ताईकडे जातेय, कायमची. बॅग भरून दाराशी ठेवली होती. यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि जीभच अडखळली. जन्मात एक वाद जिंकणार होते मी, तर हे असे सुटले!

१७ मार्च
बोलायला शिकवणारी मुलगी येते. पोरसवदा, पण चिवट. चित्रं दाखवते. "हे काय, काका?" कपाला 'कुलूप' म्हणतात, आणि चुकलं हे त्यांचं त्यांना कळतं. डोळे भरतात. मला दया येते, मग त्या दयेचाच राग येतो. इतकी वर्षं माझं प्रत्येक वाक्य मध्येच तोडलं — आता यांची वाक्यं मी पुरी करायची.

२ एप्रिल
शेजारीण म्हणाली, "घर कसं शांत झालं गं तुझं." झालं खरं. पण मला भांडायचंय. कुणाशी भांडू?

११ एप्रिल
भरवताना विचारलं, त्या सकाळचं आठवतं का. हे खिडकीकडे बघत राहिले. नसेलच आठवत. म्हणजे मी काही बोललेच नव्हते, असं झालं. बॅग रिकामी केली.

१९ एप्रिल
नणंदेसमोर शिकवणी चालली होती. हे माझ्याकडे बघत ओठ जुळवत होते. मग स्वच्छ म्हणाले, "तू... जा."
"काकू, दोन शब्द जोडले!" मुलीने टाळ्या वाजवल्या. नणंदेने डोळे पुसले.
दोघी गेल्यावर मी विचारलं, "शब्द चुकला का?"
मान हलवली. नाही.