दोन नंबरचा गळ

४ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ८.
सासऱ्यांचं पत्र आलं. अठरा तारखेला येताहेत, दोन दिवसांसाठी. स्वतःचा गळ घेऊन येताहेत. लिहितात की तुमची ती तळ्यावरची वाकड्या झाडाखालची जागा एकदा बघायची आहे, रविवारी सकाळी दोघं बसू.
केवळ नोंद म्हणून लिहून ठेवतो : मी आजवर एकही मासा पकडलेला नाही.

त्याच दिवशी, ८.३०.
याचा अर्थ मी खोटं बोललो असा होत नाही. पत्रव्यवहार हा माझा व्यवसायच आहे. तेवीस वर्षं विमा कंपनीतून लोकांना नकार कळवतो आहे, आणि तिसऱ्या परिच्छेदापर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. सासूबाई गेल्यावर सासऱ्यांची पत्रं दोन ओळींवर आली होती. तब्येत ठीक. हवा कोरडी. मग एकदा, काहीतरी लिहायचं म्हणून मी लिहिलं की रविवारी तळ्यावर गळ टाकला आणि तळहाताएवढा मासा लागला. चार पानी उत्तर आलं. तरुणपणी ते स्वतः गळ टाकत, हे आम्हाला तेव्हा कळलं. समोरचा माणूस चार पानं लिहीत असताना पुढच्या रविवारी मासा न पकडणं हा निव्वळ निर्दयपणा झाला असता.
दोन वर्षांत पत्रांतून एकशे अकरा मासे पकडले. आकडा फुगवलेला नाही.
हे उघडं पडलं तर म्हातारबुवा पुन्हा दोन ओळींवर येणार. तेव्हा दोन आठवड्यांत मासेमारीत पारंगत होणं एवढंच शिल्लक आहे. विषय छोटासा आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
बायकोला योजना सांगितली. ती म्हणाली, अहो, सायकलची चेन बसवायला तुम्हाला तीन रविवार लागले होते. मी बजेटचा विषय काढला. नवा पंखा घ्यायचाय, बजेट नाही, कपडे वाळत घालायची काठी आहे ती घ्या आणि आठवणीने परत आणा, असं उत्तर मिळालं. काटकसर ही प्रतिभेची जननी आहे. (हे वाक्य माझं. पत्रात वापरावं.)

५ ऑक्टोबर, रविवार.
तळ्याची पाहणी. वाकडं झाड नाही. सगळी सरळ. दिव्याच्या खांबाशेजारचं एक जरा कललेलं आहे. मान वाकडी करून पाहिलं तर पुरेसं वाकडं दिसतं.
तळ्याच्या राखणदाराला विचारलं की इथे मासे मिळतात का. म्हणाला, लोकांना मिळतात.

६ ऑक्टोबर, सोमवार.
ऑफिसातून परतताना गळांच्या दुकानात. दुकानदारीण बाईंनी विचारलं, मासा केवढा धरायचाय. तळहाताएवढा, म्हटलं. त्यांनी माझा तळहात बघितला. मग चाकावर दोरी गुंडाळणारी एक चकचकीत काठी दाखवली. साधेपणा हे माझं तत्त्व आहे असं सांगून मी तंगुसाची दोरी, शिशाचे चार मणी आणि गळ मागितले.
बाई बारा नंबरचं पाकीट काढत होत्या. मी त्यांना तिथेच थांबवलं. मला काय मगर धरायची आहे? दोन नंबर द्या, असं शांतपणे सांगितलं. पत्रांतही मी पहिल्यापासून दोन नंबरच लिहीत आलो आहे, सातत्य महत्त्वाचं. बाईंनी नक्की ना, असं दोनदा विचारलं आणि पाकीट बदलून दिलं. गिऱ्हाईक ठाम असलं की दुकानदार नमतो.
घरी पाकीट उघडलं. गळ भरदार आहे. सहज ओव्हरकोट टांगता येईल. दोन नंबर एवढा, तर बारा नंबरने जहाज थांबवत असतील. वेळीच वाचलो.

८ ऑक्टोबर, बुधवार.
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं बूच तरंगायला लावलं. लांबून दिसावं म्हणून मुलीच्या नेलपॉलिशने लाल रंगवलं. मुलगी म्हणाली, बाबा, माशाला लाल आवडेल, पण माझी ती शेवटची बाटली होती. पैशांची बचत ही अशी कुणाच्या तरी सहकार्यानेच होते.

९ ऑक्टोबर, गुरुवार.
आमिषाचा विचार. आमिष म्हणजे मूळ संस्कृतात मांस. त्यामुळे पाव, कणीक वगैरे ही शास्त्रदृष्ट्या आमिषं नव्हेत. कुंडीतून नऊ गांडुळं काढली. ताजी राहावीत म्हणून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार.
फ्रिज. बायको. डबा तोच ज्यात ती लोणी ठेवते. तपशील नकोत.
पाव हेही व्यापक अर्थाने आमिष मानायला हरकत नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ७ ते ९.
पहिला प्रयोग. पावाची गोळी सतरा वेळा लावली, सतरा वेळा गेली. मासे आहेत, भूक आहे, माझ्यावर विश्वास आहे. आता फक्त त्यांनी बाहेर यायचं राहिलं आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार.
एकतीस गोळ्या. राखणदार बराच वेळ मागे उभा होता. शेवटी म्हणाला, साहेब, चारायचंच असेल तर काठी कशाला, हाताने टाका की.
अडाणी माणसाशी वाद घालू नये. गोळीत बडीशेप घालून पाहणार.

१४ ऑक्टोबर, मंगळवार.
ऑफिसआधी तासभर. बडीशेप यशस्वी. मासे आता माझी सावली ओळखतात. मी काठावर आलो की चाळीसएक जमतात. त्यांच्यात एक फाटक्या शेपटीचा आहे, तो सर्वांच्या पुढे येतो, गोळी नीट तपासतो, कडेकडेने खातो आणि मागच्यांना वाट देतो. त्याचं नाव हेडक्लार्क ठेवलं.
ऑफिसात एका पत्रात 'आपला अर्ज गळाला लागू शकत नाही' असं टाइप झालं. साहेबांनी बोलावून तब्येत विचारली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार.
मासे जवळ येतात, एवढे जवळ की खाली वाकून उचलता येतील. पण गळाला एकही नाही. दुसरी योजना : बाजारातून मासा घ्यायचा, गुपचूप गळाला लावून पाण्यात सोडायचा आणि सासऱ्यांसमोर ओढायचा. मासेवालीकडे गेलो. ती म्हणाली, तुकडे मोठे करू की लहान. पूर्ण हवा, जिवंत वाटला पाहिजे, असं सांगितलं. त्यावर ती शेजारणीला म्हणाली, यांचं बघ गं जरा, मला नाही समजत.
ही योजना नैतिक कारणांसाठी रद्द केली.

१८ ऑक्टोबर, शनिवार.
सासरे आले. बारीक झालेत. हातात पिशवी आणि कापडात गुंडाळलेला जुना गळ. जेवताना त्यांनी माझे तीन मासे तारखांसकट सांगितले. जूनमधला, वादळात लागलेला, त्यांना विशेष आवडतो. बायको ताटाकडे बघत होती. मुलगी हसू आवरायला पाणी प्यायला उठली आणि परत आलीच नाही.
उद्या एक मासा. फक्त एक. एवढंच मागणं आहे.

१९ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ११.
गेलो. सासऱ्यांनी झाड पाहिलं. मान तिरपी केली. वाकडं आहे खरं, म्हणाले.
मी काठावर पाय ठेवला आणि चाळीसच्या चाळीस मासे समोर हजर झाले. हेडक्लार्क सर्वांत पुढे. सासऱ्यांनी वाकून पाहिलं. मग म्हणाले, जावईबापू, यांना पकडायचं कसं, हे तर घरचेच झाले.
मी घाईघाईने काठी सरसावली. त्यांनी गळ हातात घेतला, उन्हात धरला आणि बोटावर तोलला. म्हणाले, नंबर दोन. मी म्हटलं, होय, सर्वांत लहान. ते म्हणाले, उलटं असतं ते. आकडा चढतो तसा गळ लहान होतो. या पोरांच्या तोंडात बारा मावतो. या दोन नंबरावर ती झोका घेतील.
मी तळ्याकडे बघत राहिलो. तिथे बघण्यासारखं खूप होतं.
मग ते सांगत गेले, आवाज न चढवता. म्हणाले, दुसऱ्याच पत्रात तुम्ही दोन नंबरच्या गळाने बोटभर मासा धरलात, तेव्हाच कळलं. मी विचारलं की मग दोन वर्षं चार-चार पानं का लिहिलीत. म्हणाले, मी दोन ओळी लिहिल्या असत्या तर तुम्ही पकडायचं थांबवलं असतंत, आणि आमच्याकडे मंगळवारी पोस्टमन येतो हो.
याचं उत्तर मला पत्रात सुचलं असतं.
त्यांनी स्वतःचा गळ कापडातून काढलाच नाही. माझ्याकडचा पाव घेतला आणि हाताने टाकू लागले. हेडक्लार्क त्यांच्या बोटांतून खाऊन गेला. माझ्या बोटांतून त्याने कधी खाल्लं नव्हतं. राखणदार मागून म्हणाला, बघा, मी तेव्हाच सांगत होतो.

२० ऑक्टोबर, सोमवार.
सासरे गेले. स्टेशनवर खिडकीतून म्हणाले, पुढच्या पत्रात बारा लिहा.

२५ ऑक्टोबर, शनिवार.
काठी परत केली. तिच्यावर सध्या माझे मोजे वाळताहेत. पंखा आला. गांडुळं कुंडीत सुखरूप. त्यांनी लोण्याबद्दल मन कलुषित करून घेतलेलं दिसत नाही.
सासऱ्यांना पत्र लिहायला बसलो. आता यापुढे फक्त सत्य, असा निश्चय केला आणि तसं बायकोला सांगितलंही. मग लिहिलं : बारा नंबरचा गळ टाकला. हातभर मासा लागला होता, काठापर्यंत आला आणि सुटला.
बायकोने वाचून विचारलं, आणि सत्य कुठे आहे यात?
मासा हाती लागला नाही, हे लिहिलंय की. पहिल्याच पत्रात याहून अधिक प्रामाणिकपणा झेपत नाही.