न बघता लिहिलेल्या ओळी

५ मे
बारा वर्षांनी पुन्हा नोकरी. कोथरूडहून कर्वेनगर, स्कूटरवर दहा मिनिटं. तिसरा मजला, तीन खोल्या, माझ्या खिडकीशी गुलमोहर. टेबल कुणाचं होतं ते विचारलं नाही, पण खण स्वच्छ पुसलेला होता. बरं वाटलं.

ही संस्था विज्ञान महाविद्यालयांना ‘गणकसंच’ हा संगणकावरचा प्रोग्रॅम फुकट देते. आलेख, समीकरणं, प्रयोगांची आकडेमोड, सगळं त्यात. शेकडो लोकांनी लिहिलेल्या तुकड्यांवर तो उभा आहे, आणि प्रत्येक तुकड्याला लायसन्स आहे, म्हणजे वापरायची आणि वाटायची लेखी परवानगी. एकालाच नाही. तो चैताली नावाच्या बाईंनी लिहिलेला, ४१२ ओळींचा, आणि बाकीचं सगळं त्याच्यावर टेकलेलं. परवानगी लिहायची राहिली आणि तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. त्यांची आई विमलाबाई वारस म्हणून सही करत नाहीत. त्यामुळे संच वाटता येत नाही, आणि एक जूनला तो कॉलेजांना हवा आहे.

म्हणून मी. इथले जुने कर्मचारी श्यामराव मूळ कोड वाचणार आणि कोणत्या भागानं काय करायचं एवढंच साध्या मराठीत कागदावर लिहून देणार. मी दुसऱ्या खोलीत बसून ते माझ्या पद्धतीनं लिहायचं. मूळ ओळ एकही बघायची नाही. तसं प्रतिज्ञापत्रही दिलं. श्यामराव म्हणाले, आम्रपालीबाई, काही न वाचता काम करणारे या ऑफिसात पुष्कळ झाले, तसं लिहून देणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

घरी स्पृहानं शिरा करून ठेवला होता. बारावीचा क्लास सांभाळून. म्हणाली, आई, अडलं तर मला सांग, मलाही येतं थोडं.

७ मे
नव्वद ओळी झाल्या. हात विसरलेला नाही.

श्यामरावांनी माझं लिखाण मूळ कोडशी ताडून पाहिलं. फार सारखं निघालं तर ते नक्कल ठरतं. दुपारी येऊन त्यांनी जरा तुटकपणेच विचारलं, फाइल उघडली होतीत का. मी नाही म्हटलं. नव्वदच्या नव्वद ओळी तंतोतंत जुळतात म्हणे. गणित एकच, तर मांडणी एकच येणार, अशी त्यांनीच मग समजूत काढली.

पण आकडे साठवायच्या जागांना मी फुलांची नावं देते. कॉलेजपासूनची सवय. अबोली, शेवंती, जाई. चैतालीनंही तीच दिली आहेत, त्याच क्रमानं.

९ मे
आज मुद्दाम वेगळं लिहिलं. फुलं काढून भाज्या घातल्या. मध्येच काही कामाची नसलेली एक ओळ घातली. एका ओळीशेजारी, स्वतःसाठी टिपावं तसं, लिहून ठेवलं : स्पृहाचा चष्मा दुरुस्तीला द्यायचा.

चार वाजता श्यामराव दारात आले. आत आले नाहीत. स्पृहा कोण, असं विचारलं.

मूळ फाइलमध्ये भाज्या आहेत. ती निरुपयोगी ओळ आहे. चष्मा आहे. या महिन्यापर्यंत ती तीन वर्षं कुणी उघडलेली नाही. चैतालीला मूलबाळ नव्हतं.

श्यामरावांनी विनोद केला नाही.

१२ मे
बुद्धपौर्णिमेची सुट्टी. विहारातून परस्पर कसबा पेठेत गेले. विमलाबाई तांब्याच्या भांड्यांच्या दुकानावर राहतात. खाली ठोके चालू होते. त्यांनी पाणी दिलं आणि कितव्या ओळीवर आलीस एवढंच विचारलं. मी म्हटलं, तीनशेच्या पुढे.

सही का करत नाहीत ते मग सांगितलं. चैतालीही कुणाचंतरी न बघता लिहीत होती. ती कुणाच्या वाटेवर चालली होती, ते यांना कधी कळलं नाही. दुपारी साडेतीनला, टेबलाशी, शब्द अर्धा टाइप करून ती गेली. आपण सही केली की ते कॉलेजाकॉलेजांत पोचणार, म्हणजे पुढच्या बाईला त्याच वाटेवर आपणच लावणं, असं त्या म्हणाल्या. नंतर हळूच विचारलं, अगं, घरात मुलगी आहे का गं तुझ्या.

हो म्हणून मी जिना उतरले.

१४ मे
सोडते म्हणून सांगितलं. संस्थेचे प्रमुख शांतपणे म्हणाले, ठीक, मूळ कोड न पाहिलेलं कुणीही चालेल. तुमची मुलगी कालच फोनवर विचारत होती, आईला मदत करू का म्हणून.

घरी स्पृहा म्हणाली, उरलेल्या ओळी मी लिहू का गं. मी तिच्या थोबाडीत मारली. सतरा वर्षांत पहिल्यांदा. ती रडली नाही, आत जाऊन दार लावून घेतलं.

१६ मे
आज संगणक उघडला नाही. फक्त ही वही. ३९६ वर थांबले आहे. सोळा ओळी राहिल्या, त्या लिहिणार नाही. कुणालाच लिहू देणार नाही.

स्पृहाला माझ्या बहिणीकडे, दीक्षाताईकडे पाठवलं. एक जून होईपर्यंत येऊ नकोस म्हटलं. माझ्याशी बोलत नाही.

१९ मे
श्यामरावांचा फोन. आवाज ओळखू येईना. शेवटच्या सोळा ओळी म्हणजे कोड नाहीच. कुणीतरी स्वतःशी लिहिल्यासारखं आहे म्हणे.

वाचून दाखवलं— ‘आज संगणक उघडला नाही. फक्त ही वही.’

मी वहीतलं पान कुणाला— कुणालाही दाखवलेलं नाही.

शेवटची ओळ तीन शब्द आणि चौथा अर्धा, म्हणाले. पुढे वाचू लागले तसा मी फोन बंद केला.

वही कपाटात ठेवली. दुपारी परातीतल्या पिठात बोटानं ओळ उमटलेली. माझंच अक्षर. न लिहिणं आता माझ्या हातात राहिलेलं नाही.

२० मे
तर मग मी लांब लिहीन, इतकं लांब की तीन शब्दांवर वाक्य थांबायला जागाच मिळणार नाही, कारण वाक्य चालू आहे तोवर मी आहे, आणि साडेतीन वाजून गेले की पुढे काय ते बघता येईल, आता तीन वीस झाले आहेत, बाहेर कुणी नाही, स्पृहाचा चष्मा टेबलावरच राहिला आहे, तो न्यायला ती आली तर, नाही, ती येणार नाही, ती रुसली आहे, रुसलेली बरी, हात गार पडतोय पण चालतोय, तीन सत्तावीस, खाली स्कूटर थांबली, जिन्यात पावलं, ती दोन पायऱ्या एकदम चढते तशीच, तिच्याकडे किल्ली आहे, हाक मारायला जातेय तर आवाज फुटत नाही, हे पान फाडून दाराखालून सरकवीन, तिनं ही वही बघायची नाही आणि माझी जागा घ्यायची नाही, एवढं एकच, मोठ्या अक्षरात—

स्पृहा, आत येऊ न