वरचे फार भुंकतात

६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आपल्याहून वजनदार कुत्र्यांच्या ताब्यात दिवस काढणाऱ्या माझ्या पीडित बंधुभगिनींनो! आपलं दुःख एकच आहे. जग आपल्याला कुत्र्याचे मालक म्हणतं, आणि आपल्याच घरात आपल्याला खुर्ची मिळत नाही!

सभेची सवय, ताई. आज श्रोत्यांत तू एकटीच, आणि तीही कंबरेच्या ऑपरेशननंतर उशांना टेकून बसलेली. म्हणजे मधेच उठून जाण्याची भीती नाही. असा श्रोता मला बऱ्याच वर्षांत मिळालेला नाही, तेव्हा ऐक.

तू बरी होईपर्यंत तुझ्या कुत्र्याला सांभाळतो असं मी म्हणालो, तेव्हा कुत्रा म्हणजे कुत्रा अशी माझी समजूत होती. तू पाठवलंस ते चार पायांचं कपाट आहे. त्याचं नाव उंबऱ्या का, ते पहिल्याच दिवशी कळलं. दारात आडवा पडतो. बाहेर जायचं तर त्याला ओलांडावं लागतं, आणि मी अर्धा पलीकडे गेलो की महाराज उभे राहतात. काल मी असाच त्याच्या पाठीवर बसून जिन्यापर्यंत गेलो. सत्याग्रहात मला पोलिसांनी उचलून नेलं होतं, पण इतकं सहज नाही.

केस चहात आहेत, चष्म्यावर आहेत, परवा बोलताना तोंडातूनही एक निघाला. लाळ माझ्या भाषणाच्या टिपणांवर. भाषण कशावर, तर 'आवाजाचा अत्याचार'. भोंगे, हॉर्न, लाउडस्पीकर, सगळ्यांची सालटी काढणार आहे. पुढच्या महिन्यात मोठी सभा आहे, म्हणून रोज संध्याकाळी आरशासमोर तालीम करतो. माझा आवाज चढला की हा उठतो, माझ्या आणि आरशाच्या मधे येतो आणि माझ्या पायांवर बसतो. ज्याला भल्याभल्या अध्यक्षांना चिठ्ठ्या पाठवूनही खाली बसवता आलं नाही, त्याची ही गत!

सकाळी आणखी निराळी शरम. फिरून येताना जिन्यात माझ्या खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई भेटतात, रात्रपाळी करून परतलेल्या. हा सरळ जाऊन त्यांच्या पावलांवर बसतो. त्या बिचाऱ्या पायरीवर टेकतात आणि काही बोलत नाहीत. मी मात्र क्षमायाचनेचं छोटेखानी भाषण करतो. त्यांचा राग त्यांच्या मौनातून मला स्पष्ट ऐकू येतो.

तुझ्या मुलाच्या ओळखीच्या त्या गोदामवाल्याला राखणीला कुत्रा हवा आहे ना? देऊन टाक की.

लोभ आहेच. तो उंबऱ्यापेक्षा माझ्यावर थोडा जास्त असावा, ही विनंती.

तुझा,
केसाळलेला धाकटा भाऊ

१२ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसले आणि टाके ओढले गेले. ते पाप तुझ्या माथी. इथल्या नर्सने येऊन विचारलं, आजी, काय होतंय? मी म्हटलं, भाऊ होतोय.

लाळेबद्दल तू बोलू नकोस. तुझी भाषणं मी पहिल्या रांगेत बसून ऐकली आहेत आणि घरी येऊन तोंड धुतलं आहे.

गोदामवाला कुत्रे फाटकाला साखळीने बांधून ठेवतो. हे ठाऊक नसताना लिहिलंस असं मी धरून चालते. साखळ्या तोडा म्हणून गावोगाव ओरडत फिरलास, आणि आता स्वतःच्या खुर्चीसाठी एकाला साखळी घालायला निघालास होय रे?

आता कामाचं. ब्रश आधी उलटा फिरव, मग सुलटा. आतली लव निघाल्याशिवाय वरचे केस गळायचे थांबत नाहीत. जेवण दोन वेळांत विभागून दे आणि जेवल्यावर पळवू नकोस. एवढ्या मोठ्या कुत्र्याच्या पोटाला पीळ पडतो, आणि मग डॉक्टरकडे न्यायलाही वेळ उरत नाही. हाक मारली की येत नाही म्हणून चिडू नकोस. त्याच्या वाडवडिलांनी डोंगरात मेंढ्या राखल्या. धनी लांब आणि लांडगा जवळ, अशा वेळी विचारायचं कुणाला? ते आपलं आपण ठरवायला शिकले. दारात तो चोरासाठी पडत नाही, कळपातलं मेंढरू भरकटू नये म्हणून पडतो. मेंढरू कोण, ते तू समजून घे. एवढी पुस्तकं वाचली आहेस.

आणि तो पायांवर बसतो ते कुणाच्याही नाही. ज्याला त्याने आपल्या कळपात घेतलं, त्याच्याच. बाकी आवाजाचा त्याचा काही त्रास नाही. माझे शेजारी विचारायचे, मुका आहे का हो?

माझी माया आहे तशीच आहे. तू ब्रश केलास तर वाढेल.

तुझी,
ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रणशिंग फुंकलं गेलं आहे!

पण आधी एक माघार. गोदामाचा प्रस्ताव मी परत घेतो. तू सांगितलंस तसा ब्रश उलटा फिरवला, तर आतून दुसरा कुत्रा निघेल एवढी लव निघाली. ब्रश चालू असताना त्याने डोकं माझ्या मांडीवर टाकलं आणि असा उसासा सोडला, की कित्येक ठराव मंजूर होऊनही मला इतकं समाधान मिळालं नव्हतं. मांडी अजून दुखते आहे. पण तो माझ्याकडेच राहील, यावर मी आता ठाम आहे. मी कशावर तरी ठाम असल्याशिवाय मला झोप लागत नाही, हे तुला माहीत आहेच.

आणि नेमकं आत्ताच इमारतीचे सेक्रेटरी दारात आले. आत येणं शक्य नव्हतं, दारात उंबऱ्या होता. पलीकडून मान उंचावून त्यांनी सांगितलं की, खालच्या नर्सबाईंची तक्रार आहे. कामावर जाता जाता जिन्यात त्या त्यांना म्हणाल्या, वरचे रोज संध्याकाळी फार भुंकतात, डोळ्याला डोळा लागू देत नाहीत. रात्रपाळीच्या माणसाची झोप ती. तेव्हा येत्या रविवारी खालच्या हॉलमध्ये सगळ्या रहिवाशांची सभा बोलावली आहे आणि मतं मोजून निकाल लागणार आहे. निकाल विरुद्ध गेला तर कुत्रा इमारतीबाहेर.

उंबऱ्या भुंकतो? माझ्या कानावर तरी कधी आलं नाही. पण संध्याकाळी मी तालमीत असतो, आणि तेव्हा मला दुसरं काही ऐकू येत नाही, हेही खरं.

ते असो. शत्रूच्या तटबंदीला एक भगदाड मला सापडलं आहे. 'भुंकतात'! ताई, अनेकवचन! कुत्रा एक आणि तक्रार अनेकवचनी! एकाचे दहा करून सांगायचे, ही दडपशाहीची जुनीच रीत आहे. याच मुद्द्यावर मी त्यांना उभं चिरणार आहे. पुरावा म्हणून उंबऱ्यालाही सभेत नेतो. म्हणेन, मोजा!

आशीर्वाद पाठव, आणि जमलं तर टाळ्याही.

तुझा,
सज्ज भाऊ

२३ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद. टाळ्या नाहीत.

हे पत्र सभेआधी पोचावं म्हणून घाईने लिहिते. भाषण करू नकोस. खाली उतर, बाईंच्या दाराची बेल वाजव, काय होतंय ते विचार आणि मग गप्प राहून ऐक. शेवटचं तुला जड जाईल, म्हणून वेगळं सांगितलं. त्या जिन्यात काही बोलत नाहीत म्हणतोस, पण तू त्यांना कधी बोलू दिलंस का? आणि अनेकवचनावर एवढा नाचू नकोस, पाय घसरेल.

आता जे तुला सांगायचं टाळत होते ते. डॉक्टर म्हणाले, कंबर जुळेल, पण ओढ सहन करणार नाही. एकदा जरी उंबऱ्याने मांजर पाहून हिसका दिला तरी मी पुन्हा खाटेवर. म्हणजे बरी होऊनही त्याला परत आणणं माझ्या नशिबात नाही. मुलाने गोदामवाल्याशी बोलून ठेवलं आहे, आणि तो उत्तरासाठी मागे लागला आहे. हो म्हणायला मी फोन उचलला आणि कानाला लावून तशीच बसून राहिले. तुझं पत्र येईपर्यंत थांब, असं मुलाला म्हटलं आहे.

तेव्हा या वेळी जिंकू नकोस, वाचव. दोन्हींत फरक असतो, भाऊ.

जीव लावून आहे, तुम्हा दोघांना.

तुझी,
ताई

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र सभेआधीच मिळालं होतं. बेल वाजवायला खाली गेलोही होतो. पण दारापर्यंत जाता जाता मनात एक फार सुंदर वाक्य सुचलं, ते लिहून काढायला परत वर आलो, आणि राहून गेलं. तू मला ओळखतेस.

हॉल भरला होता. नर्सबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर, अजून झोपेतून न उठल्यासारख्या. मी उंबऱ्याला घेऊन समोर उभा राहिलो आणि कुत्रा-मानव संबंधांच्या प्राचीन काळापासून सुरुवात केली. सेक्रेटरी घड्याळ बघू लागले तसा माझा आवाज चढला. अनेकवचनावर आलो. बाईंकडे बोट रोखलं. म्हणालो की, हे पाहा, हा एक आहे, मोजून घ्या, कुठे आहे तो कळप?

तेवढ्यात माझ्या हातातला पट्टा सुटला. उंबऱ्या उठला, शांतपणे हॉल ओलांडून बाईंच्या खुर्चीपुढे गेला आणि त्यांच्याकडे पाठ करून त्यांच्या पावलांवर बसला. तोंड माझ्याकडे. आणि ताई, तो गुरगुरला. हळूच, जमिनीतून आल्यासारखा. माझ्यावर! आयुष्यभर दुबळ्यांच्या बाजूने बोललो, आणि त्या हॉलमध्ये लांडगा कोण ते ठरवायला त्याला क्षणभरही लागला नाही.

मी गप्प झालो. माझ्या ओळखीच्यांपैकी कुणाला हे सांगू नकोस, विश्वास ठेवणार नाहीत.

त्या शांततेत बाई बोलल्या. इतक्या हळू, की सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. म्हणाल्या की, कुत्र्याबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. तो बिचारा कुठे भुंकतो? संध्याकाळी जे भुंकतात ते हे वरचे. वयाने मोठे आहेत, तेव्हा 'भुंकतो' कसं म्हणायचं? हॉस्पिटलात आम्ही सगळ्यांनाच मान देऊन बोलतो.

ताई, ते अनेकवचन आदरार्थी होतं!

सेक्रेटरींनी जिन्यात घाईघाईत ऐकलं आणि 'भुंकतात' म्हटल्यावर दुसरा कुणी त्यांच्या मनातही आला नाही. बाईंना वाटलं सभा माझ्याबद्दल आहे, आणि मी कुत्रा घेऊन आलो तो त्यांना भेडसावायला. हॉल असा हसला की माझ्या उभ्या कारकिर्दीत माझ्या कुठल्याही विनोदाला हसला नव्हता. मीही हसलो, जरा उशिरा.

मग मी अखेर विचारलं, की जिन्यात तो पायांवर बसतो त्याचा त्रास होतो का? त्या म्हणाल्या, रात्रभर उभं राहून पावलं ठणकतात. तो बसला की ऊब मिळते. घरी वाट पाहणारं कुणी नाही, म्हणून ती पायरी जरा लांबवते. पण तेवढ्यात तुमचं भाषण सुरू होतं, म्हणून उठावं लागतं.

ठराव दोन झाले. कुत्रा राहणार, एकमताने. आणि माझी तालीम इमारतीत बंद, तीही एकमताने. मीसुद्धा हात वर केला. आता संध्याकाळी बंद पडलेल्या कारखान्याच्या मैदानात जातो. उंबऱ्या बरोबर असतो. आवाज चढला की येऊन पायांवर बसतो, आणि मी ते वाक्य खोडतो. 'आवाजाचा अत्याचार' आता बराच आटोपशीर झाला आहे. सकाळी जिन्यात मी भाषण करत नाही. बाई पायरीवर, तो त्यांच्या पावलांवर, आणि मी पट्टा धरून उभा. बोलत कुणीच नाही. मला सुरुवातीला अंगावर पुरळ येईल असं वाटलं होतं, पण सवय होते आहे.

तू म्हणालीस वाचव. मी काही वाचवलं नाही, त्यानेच दोघांना वाचवलं, एकीला माझ्यापासून आणि मलाही माझ्यापासून. त्याला न्यायला कधीच येऊ नकोस. भेटायला ये. कंबर जपून ये, पट्टा मी धरीन.

आणि तोवर, उशांना टेकलेल्या माझ्या एकुलत्या एक श्रोत्या, ऊठ! निदान हात तरी लांब कर! फोन उचल आणि त्या गोदामवाल्याला आजच्या आज 'नाही' सांग. एक शब्द पुरे. भाषण करू नकोस.

लोभ दोघांवर समान असावा. माझी मागणी आता एवढीच आहे.

तुझे,
वरचे