कुडपणची नाचणी

महाड, सोमवार, संध्याकाळ

अर्थमंत्र्यांनी विम्यावरचा कर काढला. ही म्हणाली, "आता तुमच्या पॉलिसी खपतील." मला कुडपणचा धोंडू आठवला. लॉकडाऊनमध्ये त्याने फोन केला होता, "एसटी बंद हाय, हप्ता कुणाच्या हाती धाडू?" मी म्हणालो, सरकारने मुदत वाढवली आहे, घाई नको. वाढवली होतीच. ती संपताना कळवायचं मात्र मी विसरलो. पॉलिसी बंद पडली आणि धोंडू करोनाने गेला.

त्याची बायको म्हणाली, "सरकारनं फसवलं, भाऊ. तुमचा काय दोष नाय." मी गप्प बसलो. का?

आजही तिने एसटीच्या ड्रायव्हरकडे नाचणी धाडली. दरवर्षी धाडते. पिशवी समोर आहे.

मघाशी तिला फोन लावला. नाचणी पोचली, एवढंच सांगितलं.