मॅचचं पत्र

धनज, ता. कारंजा
७ जानेवारी २०२५

चि. देवमन यास लिलाबाईचा जय भीम.

खुशाली मंगं विचारीन. आधी हे सांग, फायनलले येत नाही असं तू आबाले, आपल्या बापाले, फोनवर म्हणालंच कसं? अन् मी फोन हातात घेतला त लगेच तुही चार्जिंग संपली. बरी संपते तुही चार्जिंग, बहिणीचा आवाज आला की. म्हणून पत्र लिवून राह्यली. पत्राची चार्जिंग संपत नाही.

अरे, पन्नास वर्षं झाले समता क्लबले. त्या साली आबा दसऱ्याले नागपूरले दीक्षाभूमीवर गेले, बाकीच्यायनं फोटो अन् पुस्तकं आणले, आबानं त्याच्यासंगं चामड्याचा बॉल आणला. सायकलच्या पंपानं हवा भरत. तवापासून आपला क्लब जिल्ह्याच्या पहिल्या मॅचीच्या पुढं कधी गेला नाही. अन् आता फायनल! दोन फेब्रुवारी, रविवार, वाशीमले. मले अजून खरं वाटत नाही. काल भाकर तव्यावर टाकली अन् अंगणात जाऊन उभी राह्यली, धूर निंघाला तवा समजलं. टीमचे निळे बनियन तीनदा धुतले. धुतलेलेच धुतले.

परवा मालेगावले सेमी-फायनल होती. एक-एक बरोबरी, मंगं पेनल्टी. आपला गोलकीपर संघपाल, तोच कारंजा-धनज ऑटो चालवते तो. शेवटची पेनल्टी मारायले त्यायचा गडी आला अन् मी गर्र फिरली, तुरीच्या वावराकडं तोंड करून उभी राह्यली. आबा खुर्चीवरून माहा पदर ओढून राह्यले, काय झालं, बॉल कुठी हाये? मी काय सांगू, मले तुरीच दिसे. मंगं लोक वरडले तवा कळलं, संघपालनं अडवला.

त तू येजो. खाणीतून सुट्टी काढजो. रूपाले घेऊन येजो, ती तरी समजदार हाये. पोट सुटलं असं कोणी म्हणणार नाही, मी सोडून.

माया आटली नसंन त पत्र टाकजो.
तुही बाई,
लिला

---

चंद्रपूर
१४ जानेवारी २०२५

ती. लिलाबाईस,
देवमनचा सप्रेम जय भीम. वि. वि. पत्र पोचलं. रूपानं दोनदा वाचलं, पोटाचं वाक्य तीनदा. आम्ही खुशाल आहोत.

बाई, रागावू नको. मी येणार नाही. तू म्हणशील, बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात शकुन-अपशकुन मानतात का. मी मानत नाही. पण हिशेब तर मानतो ना? नोकरीला लागल्यावर दर वर्षी जयंतीच्या मॅचची सुट्टी मागायचो. सहा वर्षं मिळाली. मी मैदानावर उभा, अन् सहाही वेळा आपण कारंज्याच्या टीमकडून हारलो. चार वर्षं नाही मिळाली. सत्त्याण्णव, दोन हजार एक, तीन अन् चार. त्या चारही वर्षी तुझं मॅचचं पत्र आलं, की जिंकलो. चारही पत्रं पेटीत आहेत, आता समोर घेऊन बसलोय. एकात तर तू लिहिलंय, तिसरा गोल झाला तेव्हा आबांची टोपी उडाली अन् ती शेळीच्या पुढ्यात पडली.

दोन हजार सहाच्या पराभवानंतर मी ठरवलं, आपण मैदानात पाय ठेवायचा नाही. अठरा वर्षं ठेवला नाही. लग्नाला आलो, मयतीला आलो, मॅचला नाही. फोन आल्यापासून तू कधी स्कोअर सांगितला नाही, मीही भीतीनं विचारला नाही. अन् बघ, आज फायनल. म्हणजे माझं दूर राहणं लागू पडलं. खाणीत डोक्यावर छत कुरकुरायला लागलं तर माणूस कारण शोधत बसत नाही बाई, बाजूला होतो.

अन् तू कोणत्या तोंडानं बोलतेस? तू तुरीकडे पाहत उभी होतीस. मी चंद्रपूरकडे तोंड करून उभा आहे, एवढाच फरक.

इथे काय हाल आहेत ते सांगत नाही. ड्युटीवर दोनदा टोपीचा दिवा विसरलो. रूपा म्हणते, तुम्ही घरात कमी अन् वाशीमच्या ग्राउंडवर जास्त असता. दोन तारखेला फोन तांदळाच्या डब्यात ठेवणार आहे. तू मॅचचं पत्र टाक, तेच उघडून पाहीन. आजवर तसंच जिंकत आलो.

आबांना जय भीम. लोभ कमी होऊ देऊ नको.
तुझा,
देवमन

---

धनज
२० जानेवारी २०२५

चि. देवमन,
जय भीम. तुहं पत्र शनिवारी आलं. दोन दिवस मी ते पदरात बांधून हिंडली. आबा म्हणे, हिले काय झालं. आता लिवते, एका दमात, नाहीतर लिवणं होणार नाही.

त्या चार मॅचा आपण जिंकलो नाही.

बस तिथंच, उठू नको. पुढं वाच.

सत्त्याण्णवले पाच-शून्यानं हारलो. तू नवीन नवीन खाणीत लागलं होतं. तुहं पत्र आलं होतं, जेवण जात नाही, अंधारात जीव घाबरते, अन् खाली मोठ्या अक्षरात, मॅचचं काय झालं? मी कार्ड घेतलं अन् 'हारलो' लिवायले लागली. आबा मांगं उभे. म्हणे, पोरगा जमिनीच्या खाली काम करून राह्यला, त्याले वरची बातमी चांगली दे. मी दिली. तुहं उत्तर आलं, खाणीतल्या आपल्या पाळीच्या साऱ्या गड्यायले चिवडा वाटला म्हणे. आता चिवडा वाटल्यावर खोटं होतं म्हणून कसं सांगू? मंगं दोन हजार एकले तेच केलं, तीनले तेच, चारले तेच. शेळी अन् टोपी माह्या मनानं घातली. मले तवा लय हसू आलं होतं. आता येत नाही.

तू आलं त्या सहा वर्षी हारलो, नाही आलं त्या चारी वर्षी बी हारलो. जयंतीले कारंज्याचे पट्टीचे गडी येत, आपण त्यायले कधीच हरवलं नाही. तुह्या येण्यानं एक बी गोल आपल्यावर झाला नाही. गावातले तुले खरं काय ते बोलले नाही, कारण तू आलं की आपण नुकतेच हारलेले, मॅचीची गोष्ट काढे कोण? अन् फोन आल्यावर मले स्कोअर सांगता आला नाही. माह्या हातानं खोटं निंघते, तोंडानं निंघत नाही.

मले वाटलं तू कामाच्या पायी येत नाही. तू माह्या कार्डाच्या पायी अठरा वर्षं मैदानाच्या बाहेर राह्यलं, हे मले तुह्या पत्रातून समजलं. चूक माही हाये. माफी बिफी मले लिवता येत नाही, समोर आलं त पाहू. पण तू बी काही कमी नाही. एवढा शिकलेला, विचारता आलं नाही कोणाले?

आता ऐक. आबाले दूरचं दिसणं गेलं हाये. बॉल निळ्याकडं हाये का दुसऱ्याकडं, कानात सांगा लागते. परवा मी म्हटलं, फायनलले मी सांगीन, फिरणार नाही. आबा म्हणे, तू नको, तू हारलो तरी जिंकलो म्हणशीन. सारं ध्यानात हाये त्यायच्या. मंगं संघपालले म्हणे, ऑटोत देवमनची जागा ठेव, तो जे पाहते तेच सांगते. तुले हे कळवू नको म्हणाले होते. मी कळवून राह्यली.

हारलो त हारलो. कारंज्याचेच गडी हायेत समोर, हारू बी. पण आबाले खरं सांगणारं माणूस पाहिजे बाजूले.

अन् एक गोष्ट पक्की. या मॅचीचं पत्र मी लिवणार नाही. तांदळाच्या डब्यात फोन ठेव नाहीतर पेटीत ठेव, धनजवरून एक ओळ येणार नाही. काय झालं ते पाह्याचं असंन त वाशीमच्या ग्राउंडवर येऊन पाह्य.

रूपाले आशीर्वाद. तिले हे पत्र वाचू देजो, लपवू नको.

संघपाल रविवारी सकाळी सातले ऑटो काढते. तुही जागा ठेवाची का दुसऱ्याले द्याची, ते मले मंगळवारच्या, अठ्ठावीस तारखेच्या आत कळव. पत्र पोचणार नाही, फोन कर. अन् चार्जिंग करून कर.

तुही बाई,
लिला