सागीनच्या गाडीचा सांधा

९ ऑक्टोबर

सागीन गेला. काल संध्याकाळी तोओ-आशू घाटात, बोगद्यापलीकडच्या तिसऱ्या वळणावर त्याची व्हॅन दरीत गेली. सोबत शाळेतल्या जुन्या असिलकानबाई होत्या. त्याही गेल्या.

दुपारी बारापर्यंत ती व्हॅन माझ्याच गॅरेजात उभी होती. ब्रेकची गळती मी काढली होती!

१० ऑक्टोबर

मयतीला गेलो. पुरुषानं लांबूनच हंबरडा फोडत जायचं— ‘भावा रे माझ्या!’ सगळे फोडत होते. माझा आवाजच फुटेना. अखेर फुटला तो इतका भलताच, की आतल्या बायकांचं रडगाणं तुटलं. सागीनची बायको बुरुल रिवाजाप्रमाणे भिंतीकडे तोंड करून बसलेली. तिनं मागं वळून पाहिलं.

पोलीस म्हणाला, “रस्त्यावर ब्रेक दाबल्याची एकही खूण नाही.” झालं, लोकांचे लगेच दोन पक्ष. “ब्रेक फेल!” “छे, झोपला असणार. दोन दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता त्याच्या.” बाईंचा थोरला मुलगा बुरुलच्या दारावरून गेला. थांबला नाही.

१२ ऑक्टोबर

लिहून काढतो, म्हणजे डोकं थांबेल.

पुढच्या डाव्या चाकाकडे जाणाऱ्या पाइपच्या सांध्यातून तेल झिरपत होतं. पाइपचं तोंड चिरलेलं. असल्या गळतीवर अडाणी लोक नुसता नट आवळत बसतात आणि चीर वाढवून ठेवतात. मी टोक कापलं, नवा नट ओवला, तोंड पुन्हा फुलवलं, जोडलं. मग पाइपात अडकलेली हवा काढायला सागीनला ब्रेकच्या पेडलवर बसवलं. मी खालून “दाब!” तो वरून “धरलंय!” सहा-सात वेळा. त्यानंतर एकच काम उरतं. सांधा कोरडा पुसायचा, पेडल जोरात दाबून धरायला सांगायचं, आणि सांध्यावरून बोट फिरवायचं.

ते केलं का? आठवत नाही. तीस वर्षं रोज करतोय, म्हणूनच आठवत नाही!

१८ ऑक्टोबर

शुक्रवार. बायकोनं, झिपारनं, मयताच्या नावानं बोरसोक तळले, कणकेचे फुगीर तुकडे. गरम तेलाचा वास मेलेल्या माणसांपर्यंत पोचतो म्हणतात. मला तो ब्रेक ऑइलचाच आला. “अहो, एक तरी खा. त्याच्या नावानं केलेत.” बायकोचं मन मोडलं. एकही खाल्ला नाही.

२१ ऑक्टोबर

आज एका गाडीची हवा काढत होतो. “दाब!” म्हटलं. वरून “धरलंय!”— सागीनचा आवाज. हुबेहूब! बाहेर येऊन बघतो तर गिऱ्हाईक फोनवर बोलत अंगणात उभं. पेडलवर कुणीच नाही.

सांधा अकरा वेळा पुसला. “उस्ताद, पाइप पुसताय की नवरीचं तोंड?” गिऱ्हाईक म्हणालं. मला हसू आलं नाही. भीती वाटते. साठीला आलेला माणूस मी, भरदुपारी गाडीखाली जायला घाबरतो.

२५ ऑक्टोबर

खोटं लिहिलं होतं. आठवतंय. सगळं आठवतंय.

हवा काढून झाली आणि झिपार पाव घेऊन आली. “आमच्या दारातून पाव न चाखता जाशील?” सागीन म्हणाला, “वहिनी, बाई थांबल्यात!” तरी एक तुकडा मोडलाच. मीही तेलकट हातांनी मोडला. मग तळवे उघडले, रस्ता पांढरा राहो, म्हणजे प्रवास सुखाचा होवो, म्हणून आशीर्वाद दिला, तोंडावरून हात फिरवले. त्यानं गाडी सुरू केली, आणि तेव्हाच आठवलं— सांधा बघायचा राहिला.

आशीर्वादानंतर निघालेल्याला मागं बोलावत नाहीत. अपशकुन! तोंडाला आलेलं गिळलं. हात तेवढा वर गेला. त्याला वाटलं निरोप देतोय. हॉर्न वाजवून गेला.

३ नोव्हेंबर

सागीनच्या भावानं व्हॅन माझ्याच अंगणात आणून टाकली. “दादा, कामाचं असेल ते काढून घ्या. बाकी भंगारात.” ताडपत्री घातली.

४ नोव्हेंबर

नाही बघितलं.

७ नोव्हेंबर

नाही. झिपार म्हणते, “एकदाचं बघा आणि मोकळे व्हा. ती गाडी अंगणात नाही, उरावर बसलीय तुमच्या.”

१० नोव्हेंबर

बुरुल आली. बसली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, “उस्ताद, माझा माणूस झोपला आणि बाईंना घेऊन गेला, असं गाव म्हणतंय. बाईंची मुलं चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला येणार नाहीत. पोरगी शाळेत जात नाही. तुम्ही उघडून बघा ना. ब्रेकच गेले होते ना? तुम्ही सांगाल ते ऐकतील सगळे.”

‘बघतो’ म्हटलं. कुणाकडे ब्रेक दाखवायला आली बिचारी!

११ नोव्हेंबर

बघितलं.

सांधा कोरडा! वर धूळ बसलेली, तीही भुरभुरीत. थेंबभर जरी तेल आलं असतं तरी चिखल झाला असता. ब्रेक ऑइलची टाकी खुणेपर्यंत भरलेली. पेडल दाबलं, तर दगड. दुसऱ्यांदा दाबलं. दगड.

नाचलो मी! झिपारला ओढून आणलं, दाखवलं, तिच्या गळ्यात पडून रडलो. महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवलो.

चहा घेताना मात्र कळलं, मी काय बघून आलो ते. ब्रेक शाबूत होते. त्यानं ते दाबलेच नव्हते.

१२ नोव्हेंबर

व्हॅन भंगारात दिली.

१६ नोव्हेंबर

चाळिसावा. सकाळी असिलकानबाईंच्या घरी गेलो. “सागीन झोपला नव्हता. ब्रेक गेले होते. नट माझ्याच हातून सैल राहिला,” म्हटलं. थोरल्यानं गचांडी धरली, मग सोडली. दुपारी तिघे भाऊ बुरुलकडे जेवले, असं झिपार सांगत होती. मी गेलो नाही.